पाच नद्यांची एक पट्टी : वैनगंगेकाठी पॅनोरामाचे वाचन

अंभोऱ्याच्या नव्या पुलावर सुटीच्या दिवशी संध्याकाळी एक ठरावीक हालचाल पुनःपुन्हा दिसते. माणूस कठड्याजवळ येतो, फोन दोन्ही हातांनी छातीसमोर उभा धरतो आणि पाय न हलवता कमरेतून सावकाश डावीकडून उजवीकडे वळत जातो. सोबतचे लोक आपण मध्ये येऊ नये म्हणून मागे सरकतात. वीस-पंचवीस सेकंदांत काम होते. स्क्रीनवर एक लांबट पट्टी उमटते, तिच्याकडे एकदा पाहिले जाते आणि फोन खिशात जातो. ही पट्टी बहुधा पुन्हा कधी उघडली जात नाही.

इथे वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्या एकत्र येतात. अलीकडचा काठ नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यात, पलीकडचा भंडारा जिल्ह्यात. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे. पाण्यावर तारांनी तोललेला पूल आणि त्याच्या उंच खांबात प्रेक्षागृह आहे. समोर दूरवर पसरलेले पाणी मात्र संगमाचे नसून गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याचे आहे. पाच नद्यांचे पाच प्रवाह शोधू गेल्यास आता ते सहजी हाती लागत नाहीत. फोनच्या पट्टीत तर ते मुळीच लागत नाहीत.

प्रवासवर्णनाची समीक्षा करताना लेखकाने काय पाहिले, काय टाळले, कोठे उभे राहून पाहिले, हे प्रश्न आपण विचारतो. प्रवासात काढलेल्या छायाचित्राला मात्र आपण सहसा 'सुंदर आले' किंवा 'हलले' एवढ्यावरच सोडून देतो. पॅनोरामाच्या बाबतीत ही सवलत अधिक धोक्याची आहे, कारण 'मी सगळे दाखवले' असा त्याचा दावा असतो. भंडाऱ्याच्या पाण्याकाठी हा दावा तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा उद्देश.

शब्दापासून सुरुवात

मराठीत पॅनोरामाला आपण 'विहंगम दृश्य' म्हणतो. हा शब्द फसवा आहे. विहंग म्हणजे पक्षी. तो वरून पाहतो आणि पाहताना जागा बदलतो. पॅनोरामा काढणारा जमिनीवर असतो आणि जागा सोडत नाही. 'सिंहावलोकन'ही जुळत नाही. सिंह चालता चालता थांबून मागे वळून पाहतो, म्हणजे त्या पाहण्यात आधी कापलेले अंतर असते. पॅनोरामात अंतर कापलेले नसते.

जवळचा शब्द आपल्याकडे देवघरात आहे. आरती संपली की प्रदक्षिणेला जागा नसेल तर माणूस उभ्या जागी स्वतःभोवती एक फेरी घेतो. ही आत्मप्रदक्षिणा. पॅनोरामाची हालचाल हुबेहूब तीच. फरक भावात आहे. प्रदक्षिणेत केंद्र आपल्याबाहेर असते आणि आपण कडेने फिरतो. पॅनोरामात केंद्र आपण असतो आणि नदी, डोंगर, देऊळ आपल्याभोवती फिरवून घेतो.

हा भेद समजायला भंडारा जिल्ह्यातच चांगली जागा आहे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष आणि त्याभोवतीचा प्रदक्षिणापथ मिळाला. स्तूप एका जागेवरून पुरता दिसू नये, अशीच त्याची रचना असते. अर्धा दिसतो तेव्हा अर्धा लपलेला असतो, आणि चालल्याखेरीज तो कळत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेकाठच्या माणसांना 'सर्व पाहणे' म्हणजे पायांचे काम वाटत होते.

फिरणारा डोळा कोणाचा?

'पॅनोरामा' हा शब्द ग्रीक मुळांवरून अठराव्या शतकाच्या अखेरीस तयार केला गेला. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने 1787 मध्ये गोलाकार चित्राचे पेटंट घेतले तेव्हा त्याने दिलेल्या फ्रेंच नावाचा आशय 'एका दृष्टिक्षेपात निसर्ग' असा होता. 1793 मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्याने खास गोल इमारत उघडली. प्रेक्षक पैसे देऊन मधल्या चौथऱ्यावर उभे राहत आणि भोवतीच्या भिंतीवर शहरे, लढाया, समुद्र पाहत. या प्रकाराने फार लवकर भारताकडे मोर्चा वळवला. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट केर पोर्टरचे त्या हल्ल्याचे अवाढव्य पॅनोरामा-चित्र लंडनमध्ये लोक गर्दी करून पाहत होते. 1858 मध्ये फेलिचे बेआतोने इंग्रजांनी पुन्हा जिंकलेल्या लखनौची छायाचित्रे घेतली, तेव्हा अनेक काचपट्ट्या शेजारी शेजारी जोडून शहराचा विस्तीर्ण देखावा उभा केला. दोन्ही ठिकाणी सबंध दृश्य मिळते ते विजेत्याला, आणि तेही धूर विरल्यावर.

विदर्भात या डोळ्याची एक खूण हिंगणघाटला आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ करणारा विल्यम लॅम्टन 1823 मध्ये तिथे वारला. त्याचे थडगेही तिथेच आहे. उंच जागी थिओडोलाइट मांडायचा, तो स्वतःभोवती फिरवायचा आणि दिसणाऱ्या प्रत्येक खुणेचा कोन टिपायचा, हे त्याचे काम. एका बिंदूवर उभे राहून सगळा मुलूख ताब्यात घेण्याची ही शिस्त नकाशासाठी होती. तिचीच करमणुकीची आवृत्ती थंड हवेच्या ठिकाणी आली. माथेरानला तर नावातच 'पॅनोरामा पॉइंट' आहे. 'पॉइंट' हा शब्द आपण इतका पचवला आहे, की त्यातली आज्ञा आता ऐकू येत नाही : इथे उभे राहा, इकडे तोंड करा, हेच पाहण्याजोगे आहे.

म्हणून पॅनोरामा हा मुळातच सत्तेचा डोळा आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण अंभोऱ्याच्या कठड्याशी उभा असलेला तुमसरचा किंवा कुहीचा माणूस मुलूख जिंकायला आलेला नसतो. त्याला घरच्यांना दाखवायचे असते. 1899 मध्ये कोडॅकने हौशी लोकांसाठी फिरत्या भिंगाचा कॅमेरा विकायला काढला आणि 2012 च्या सुमारास ही सोय फोनमध्ये सर्रास आली, तेव्हा हा डोळा सर्वांचा झाला. सर्वांचा झाला म्हणून तो निर्दोष झाला का, हा प्रश्न मात्र उरतो.

आडवा मुलूख

आधी त्याच्या बाजूने बोलले पाहिजे. भंडाऱ्याचे सौंदर्य उभे नाही, आडवे आहे. सह्याद्रीत कडा असतो, दरी असते. तिथे कॅमेरा वरखाली पाहतो आणि एका चौकटीत पुष्कळ काही मावते. इथे उत्तरेला तुमसर तालुक्यात डोंगर आहेत, अंबागडासारखा किल्ला आहे. पण जिल्ह्याचा पुष्कळसा भाग म्हणजे धानाच्या बांध्या, त्यांचे धुरे, मामा तलाव, बोड्या आणि या सगळ्यातून वाहणारी वैनगंगा. 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या आणि राखलेल्या तलावांमुळे हा तलावांचा जिल्हा म्हणवला गेला. नवेगावबांध आणि नागझिरा ही नावाजलेली ठिकाणे 1999 मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर तिकडे गेली. तलावांची ओळख दोन्हीकडे राहिली.

अशा तलावाच्या पाळीवर उभे राहून साधे छायाचित्र घेऊन पाहा. वर दोन तृतीयांश आकाश, खाली एक तृतीयांश पाणी, मध्ये झाडांची बारीक काळी रेघ. हे छायाचित्र कोणत्याही तलावाचे असू शकते. पाळ कुठून सुरू होते, पाणी कोणत्या बांध्यांकडे सुटते, गाव कोणत्या अंगाला आहे, हे त्यात येत नाही; आणि तलावाचा अर्थ तर त्या नात्यांतच असतो. डावीकडे झाडी, मध्ये पाणी, उजवीकडे पाळ आणि पाळीखाली हिरवे धान, हे सारे एका ओळीत मांडायला लांब पट्टीच हवी. या मुलखासाठी पॅनोरामा ही चैन नाही, ते योग्य व्याकरण आहे. म्हणून त्याचे दोष काढायचे ते त्याला टाकून देण्यासाठी नव्हे, नीट वापरण्यासाठी.

शिवण

फोन पॅनोरामा 'काढत' नाही, शिवतो. आपण वळत असताना तो भराभर चौकटी घेतो, प्रत्येकीतली मधली अरुंद चिंधी ठेवतो आणि शेजारच्या चिंधीशी जुळवतो. जुळवण्यासाठी त्याला स्थिर खुणा लागतात : खांबाची कड, देवळाचा कळस, झाडाचा बुंधा. या पद्धतीचे तीन परिणाम वैनगंगेकाठी ठळक दिसतात.

पहिला, सरळ रेषा वाकतात. पट्टी म्हणजे आपल्याभोवतीच्या नळकांड्यावर उमटलेले चित्र उलगडून सपाट केलेले. पुलावर उभे राहून या टोकापासून त्या टोकापर्यंत वळलो, तर नाकासमोर सरळ जाणारा पूल धनुष्यासारखा वाकतो. एकच रस्ता डावीकडे आणि उजवीकडे असे दोन रस्ते होऊन निसटतो. अनोळखी माणसाला वाटते, इथे मोठे वळण आहे.

दुसरा, हलणारे तुटते. चौकटी एकाच क्षणाच्या नसतात. पट्टीच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत वीस सेकंद पसरलेले असतात. म्हणून उडणारा बगळा दोनदा दिसतो, नाव अर्धीच उरते, चालणाऱ्या बाईचे डोके एकीकडे आणि पदर दुसरीकडे जातो. असे छायाचित्र 'बिघडले' म्हणून पुसले जाते, आणि पुढच्या वेळी आपण माणसे निघून जाण्याची वाट पाहतो. पर्यटनाच्या जाहिरातींत दिसणारे निर्मनुष्य काठ केवळ आवडीनिवडीतून आलेले नाहीत. तंत्रही तिकडेच ढकलते. जे स्थिर राहील ते येईल, जे काम करत असेल ते गळेल.

तिसरा परिणाम मला यंत्राने नाही, एका माणसाने दाखवला. काठावर जाळे आवरत बसलेल्या एका म्हाताऱ्या मासेमाराला मी नुकतीच घेतलेली पट्टी दाखवली. त्यांनी फोन हातात घेतला, बोटाने पट्टी इकडून तिकडे सरकवली आणि विचारले, "यात आमचं गाव कुठी आहे, ताई?" गाव धरणाच्या पाण्यात गेलेले. ते कोणत्या अंगाला होते, हे त्यांनी आधी हाताने प्रत्यक्ष पाण्यावर दाखवले, मग पट्टीत शोधले. सापडेना. देवळाच्या टेकडीपासून पलीकडच्या झाडांपर्यंत जेवढे पाणी डोळ्यांना दिसत होते, तेवढे पट्टीत नव्हते. "अर्धं पानी तं तुमच्या फोननं खाऊन टाकलं जी," ते म्हणाले आणि पुन्हा जाळ्याकडे वळले.

मी पट्टी आणि समोरचे पाणी ताडून पाहिले. त्यांचे म्हणणे खरे होते. नुसत्या पाण्यावर स्थिर खुणा नसतात. लाटा एकसारख्या आणि हलत्या. यंत्राला एक चिंधी कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हे कळत नाही. अशा वेळी ते चुकते, आणि ती चूक ओरखड्यासारखी दिसत नाही. पाणी गुपचूप आखडते. टेकडी शाबूत राहते, पूल शाबूत राहतो, आणि ज्या पाण्याखाली गाव आहे तेवढेच पाणी कमी होते.

पाण्याखालचा मजकूर

इथे समीक्षेचा प्रश्न तंत्राच्या बाहेर पडतो. गोसीखुर्दची पायाभरणी 1988 मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पवनी तालुक्यातले हे धरण 11 किलोमीटरहून अधिक लांब आहे, त्याला 33 दरवाजे आहेत आणि पूर्ण साठ्याची पातळी समुद्रसपाटीपासून 245.5 मीटर आहे. अडीच लाख हेक्टर सिंचन हे त्याचे उद्दिष्ट. त्याच्या फुगवट्यात भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली अनेक गावे गेली, आणि पुनर्वसनाचा, मोबदल्याचा झगडा दीर्घकाळ चालला. धरणाच्या लाभ-हानीचा हिशेब हा या लेखाचा विषय नाही. विषय एवढाच, की आज 'निसर्गरम्य' म्हणून टिपले जाणारे पाणी हे एका निर्णयाचे पाणी आहे. त्याची पातळी कार्यालयात ठरते.

पॅनोरामा हे सांगू शकत नाही, कारण पाण्याचा पृष्ठभाग जितका विस्तीर्ण तितके त्याचे चित्र प्रसन्न. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. मध्य प्रदेशातल्या धरणांतून सुटलेले पाणी भंडारा शहरात आणि नदीकाठच्या गावांत शिरले. वरून घेतलेली त्या दिवसांची रुंद दृश्ये आठवून पाहा : क्षितिजापर्यंत पाणी, मधून मधून झाडांचे शेंडे, वर ढगाळ आकाश. घरांची छपरे झाकून टाका, मग हे छायाचित्र आणि एखाद्या पर्यटन-फलकावरचे जलाशयाचे छायाचित्र यांत कोणता फरक उरतो? रचना तीच, प्रमाण तेच, रंगही जवळपास तेच. आपत्ती आणि सहल यांना एकच चौकट पुरत असेल, तर त्या चौकटीत काहीतरी उणे आहे. ती विस्तार मोजते. पातळी मोजत नाही.

अंभोऱ्याला हा उणेपणा विशेष टोचतो. मुकुंदराजांचा शके 1110 चा 'विवेकसिंधु' ज्या अंबानगरीशी जोडला जातो ती अंबाजोगाई की वैनगंगेकाठचे अंभोरा, हा वाद जुना आहे. अंभोऱ्याचा पक्ष मांडणाऱ्या अभ्यासकांची परंपरा आहे. वाद इथे सोडवायचा नाही. पण 'विवेक' या शब्दाचा मूळ अर्थच वेगळे करणे, निवडणे असा आहे. पाच नद्यांच्या संगमावर ज्या ग्रंथाच्या नावाचा अभिमान बाळगला जातो, त्या नावातली क्रिया आपल्या फोनच्या नेमकी उलट आहे. फोन सांधतो, विवेक सांधा कुठे आहे ते दाखवतो.

मग कसे पाहावे?

निंदा करून थांबणारी समीक्षा काही कामाची नाही. चांगल्या पॅनोरामाचे काही निकष सुचवता येतात, आणि त्यांतले पुष्कळसे घेणाऱ्याच्या हातात आहेत.

पहिला, पायाखालची जागा दिसू द्यावी. कठडा, पायरी, काठावरचा चिखल, काहीही. ज्या पट्टीत जवळचे काहीच नाही, ती कोणीच पाहिलेली नसते. ती हवेत लोंबकळते. दुसरा, दोन्ही टोके निवडलेली असावीत. हात थकला म्हणून संपलेली पट्टी आणि 'या देवळापासून त्या पाळीपर्यंत' असे ठरवून घेतलेली पट्टी यांत वाक्य आणि बडबड यांच्याएवढा फरक असतो. तिसरा, माणसे निघून जाण्याची वाट पाहू नये. तुटलेली नाव हा दोष खराच. पण त्या वीस सेकंदांत तिथे कोणी काम करत होते याचा तो पुरावाही आहे. चौथा, तारीख आणि पाण्याची पातळी नोंदवावी. नुसते 'अंभोरा' लिहिण्यापेक्षा 'अंभोरा, मे, पाणी उतरलेले' असे लिहिले तर तीच पट्टी दस्तऐवज होते. एकाच खांबापाशी उभे राहून आषाढात, कार्तिकात आणि वैशाखात घेतलेल्या तीन पट्ट्या एकीखाली एक ठेवल्या, तर पाणी चढते-उतरते हे दिसते, आणि बुडीत म्हणजे काय हे कोणी न सांगता कळू लागते.

पाचवा निकष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : पाण्यावर यंत्राला शिवू देऊ नये. सुट्या चौकटी घ्याव्यात आणि शेजारी शेजारी, मध्ये बोटभर पांढरी जागा सोडून लावाव्यात. बेआतोच्या काचपट्ट्यांचे सांधे आजही दिसतात, आणि त्या सांध्यांमुळेच पाहणाऱ्याला कळते की छायाचित्रकार इथे थांबला, वळला, पुन्हा थांबला. फोनने ही उभी रेघ पुसली आणि तिच्यासोबत थांबणेही पुसले. पांढऱ्या जागेतून 'इथे मला माहीत नाही' असे म्हणता येते. प्रवासात दिसलेल्या मुलखाबद्दल हे म्हणण्याची सोय हवी.

या पद्धतीने मी अंभोऱ्याला पुढच्या उन्हाळ्यात पाच चौकटी घेतल्या. दिसायला त्या पहिल्या पट्टीपेक्षा डाव्या आहेत. आकाशाची निळाई एकीत गडद, दुसरीत फिकट. पूल तीन ठिकाणी तुटलेला. पण देवळाच्या टेकडीपासून पलीकडच्या झाडांपर्यंतचे पाणी पुरते आहे. तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीच्या मध्ये, त्या आजोबांनी हात केला होता त्या अंगाला, पांढरी जागा येते.

लेखासोबत पहिली पट्टी जोडपानावर छापावी, असा विचार होता. मासिकाची घडी आणि टाचण्या नेमक्या मधल्या पाण्यावर आल्या असत्या आणि आधीच आखडलेले पाणी आणखी थोडे शिवणीत गेले असते. म्हणून ती दिली नाही. त्या पाच चौकटींच्या प्रती काढून त्या मासेमारांकडे पोचवायच्या आहेत; गाव कुठे येते ते पेन्सिलीने त्यांनीच दाखवायचे आहे.